बडबडीचे हात मी ऐकले

मित्रांनो, जरा जवळ या. मोठ्याने बोलायची मला सवय नाही, कारण जन्मभर मी ऐकण्याचंच काम केलं. वाटाण्याएवढं डोकं, पाठीला एक छोटा चिमटा आणि मागे लांबलचक वायर, एवढाच माझा पसारा. बोलणाऱ्याच्या कॉलरला मला लावायचे, म्हणून माझं नाव कॉलर माइक. आता माझं वय झालं आहे. वायरीला जागोजागी चिकटपट्टी लागली आहे आणि डोक्यावरच्या फोमच्या टोपीचा भुगा व्हायला आला आहे. पण कान अजून शाबूत आहे बरं का! तुमच्यातला तो मागचा कुणीतरी मघापासून नाक ओढतो आहे, तेही मला ऐकू येतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मला डोळे नाहीत. माझ्या गोष्टीत काही दिसल्यासारखं सांगितलं, तर ते कुणीतरी माझ्यासमोर बोललेलं असेल असं समजा. ऐकलं तेवढंच सांगणार, पदरचं काही घालणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे काम करणारी एक बाई भिंगाखाली माझ्या केसाएवढ्या तारा जोडत होती. शेवटची तार जोडली आणि तिने माझ्यावर हळूच फुंकर मारली. "आलं बाई ऐकू!" हे मी ऐकलेले पहिले शब्द. आपल्याला ऐकू येतं याचा कुणाला एवढा आनंद होतो, हे मला फार आवडलं.

तिथून मी टीव्हीच्या स्टुडिओत गेलो. काय ते दिवस! बातम्या वाचणाऱ्या बाई मला हलकेच लावायच्या आणि कार्यक्रम संपला की रुमालाने पुसून ठेवायच्या. गवई, डॉक्टर, खेळाडू, सगळ्यांच्या कॉलरवर मी बसलो. कॉलरच्या खाली छाती असते, त्यामुळे माणूस तोंडाने काय बोलतो ते ऐकताना त्याचं काळीज काय बोलतं तेही मला ऐकू यायचं. एकदा एक मंत्री आले होते. ते म्हणाले, "आपल्या राज्यात जन्मापासून म्हातारपणापर्यंत प्रत्येकाची काळजी सरकार घेतं. कुणीही मागे राहणार नाही." त्यांची छाती अगदी संथ चालली होती. माणूस मनापासून बोलत होता. मलाही ते पटलं. पटू नये असं त्यात काय होतं?

पुढे बिनवायरीचे माइक आले आणि माझी रवानगी खोक्यात झाली. खोक्यातून मला एका बाईंनी विकत घेतलं. त्या माहितीपट काढायच्या. त्यांच्याबरोबर एक आवाजवाला असायचा. माणूस तिरसट, सारखा कुरकुरणारा, पण हात मायेचा. मला गुंडाळताना वायरीला कधी पीळ पडू द्यायचा नाही. काम सुरू करायच्या आधी हेडफोन कानाला लावून मला म्हणायचा, "बोल रे बाबा, उठ."

असं एक दिवस त्याने मला उठवलं आणि माझ्या डोक्यावर जणू छप्पर कोसळलं.

तो धुलाईखाना होता. शहरातल्या सगळ्या सरकारी दवाखान्यांच्या चादरी तिथे धुवायला यायच्या. खोलीएवढी मोठी धुण्याची यंत्रं, वाळवणारी यंत्रं, चादरी दाबून सुकवणारे तापलेले रोलर, आणि सगळं एकाच वेळी चालू. आवाज इतका की आवाजवाल्याने हेडफोन काढून फेकलाच. "मेलो!" असं तो ओरडला. ते मला ऐकू आलं, पण शेजारी उभ्या असलेल्या बाईंना आलं नाही.

तिथे काम करणाऱ्या सगळ्या बायका. चादरी सरकारच्या, पण बायका ठेकेदाराच्या. बाईंना तेच दाखवायचं होतं. ज्या राज्यात सगळ्यांची काळजी घेतली जाते, तिथे आजाऱ्यांच्या चादरी धुणाऱ्यांची कोण घेतं, असा त्यांचा सवाल होता. त्यासाठी बायकांनी बोलायला हवं होतं. आणि बोलत तर कुणीच नव्हतं.

मुकादम मात्र खुशीत होता. त्याच्या काचेच्या खोलीत तो म्हणाला, "बघा आमच्या बायका! कामाला वाघ आणि तोंडाला कुलूप. भांडण नाही, तक्रार नाही, काही नाही."

बाईंनी विचारलं, "यांच्यात बोलकी कुणीच नाही का?"

"एक आहे, तिला सगळ्या बडबडी म्हणतात. का म्हणतात कुणास ठाऊक, मी तर कामावर तिचा शब्द ऐकलेला नाही."

बाईंना तेवढंच पुरलं. मला बडबडीच्या कॉलरला लावलं. मीही तयारीत होतो. म्हटलं, चला, आता काहीतरी ऐकायला मिळेल. सकाळ गेली. बडबडीच्या तोंडून शब्द फुटेना. यंत्रांची घरघर आणि माझ्या अगदी जवळ तिच्या बाहीची सळसळ, बस. ही सळसळ म्हणजे आम्हा माइकांचा जन्माचा वैरी. सळसळ आली की बोलणं वाया गेलं. आवाजवाला शेवटी तिच्या कानाशी जाऊन ओरडला, "बाई, जरा हात कमी हलवा हो!"

बडबडी म्हणाली, "म्हणजे गप्प बसू का मी?"

आवाजवाल्याला वाटलं, बाई थट्टा करते आहे.

दुपारच्या सुट्टीत बायका कपडे बदलायच्या खोलीत डबे उघडून बसल्या. यंत्रं थांबली होती. आणि तिथे, मित्रांनो, त्या मुक्या बायकांनी असा काही गलका केला की मी चाटच पडलो. त्या सकाळपासून बोलतच होत्या म्हणे! फक्त हातांनी. एवढ्या आवाजात तोंडाचा उपयोग नाही, म्हणून त्यांच्या आधीच्या बायकांनी कधीतरी हातांची भाषा बसवली होती आणि ती एकीकडून दुसरीकडे चालत आली होती. चादरीत सुई राहिली आहे, हात मागे घे, याची एक खूण. रक्ताची चादर आली, याची एक. घरी पोराला ताप आहे, सासू आली आहे, चपला उद्या आण, सगळ्याच्या खुणा. मुकादमाची खूण म्हणजे पोटावरून फिरवलेला गोल हात. त्यांत सगळ्यात जास्त, सगळ्यात भराभर हात चालायचे ते हिचे. म्हणून ही बडबडी.

बाईंनी विचारलं, "मुकादमांना येते का ही भाषा?"

"त्यालाच आली तर मग आम्ही बोलणार कुणाबद्दल?" बडबडी म्हणाली, आणि खोली हसून हसून पडली.

म्हणजे ज्याला मी सकाळभर कटकट म्हणत होतो, ते बोलणं होतं. त्या दिवसापासून मी सळसळीला शिव्या देणं सोडलं. कळत काही नव्हतं, पण कान देऊन ऐकू लागलो.

त्या खोलीत एक बाई होती, वयाने सगळ्यांत मोठी. तिला सगळ्या माई म्हणायच्या. धुण्याच्या मोठ्या यंत्रावर तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. दुसऱ्या दिवशी यंत्रं सुरू व्हायच्या आधी मला तिच्या कॉलरला लावलं. तिचं काळीज जरा घाबऱ्या चालीचं होतं. आवाजवाला तिच्या मागून म्हणाला, "माई, मान थोडी वर करा." तिने केली नाही. तो पुन्हा म्हणाला, नाहीच. तेवढ्यात समोरून बडबडीच्या बाहीचा आवाज आला आणि माईने मान वर केली.

आवाजवाला माणूस कुरकुऱ्या असला तरी कानाचा पक्का होता. त्याने बाईंना बाजूला घेतलं. बाईंनी बडबडीला विचारलं. बडबडी आधी कानावर हात ठेवत होती, मग दार लावून सगळं बोलली.

माईला ऐकू येत नव्हतं. एकदम नाही गेलं ते. त्या घरघरीत बसून हळूहळू गेलं. यंत्रात काही अडकलं की भोंगा वाजतो. ज्याला भोंगा ऐकू येत नाही, त्याला यंत्रावर ठेवायचं नाही असा नियम आहे. ठेकेदाराला कळलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवशी माईला घरचा रस्ता दाखवला असता. म्हणून सगळ्यांनी मिळून ते लपवलं. बडबडी माईच्या समोरची जागा धरून उभी राहायची. भोंगा वाजला, मुकादमाने हाक मारली, बाजूचीने काही विचारलं, की बडबडीचे हात आधी माईकडे जायचे. कुणी काही विचारलं आणि माईने झटकन उत्तर दिलं नाही, असं कधी होऊ द्यायचं नाही, हा दोघींचा नेम.

"मग आत्ताच का सांगताय?" बाईंनी विचारलं.

बडबडी म्हणाली, "परवा मी अंगात ताप होता म्हणून घरी राहिले. भोंगा वाजला आणि माईचा हात आत होता. दुसरीने ओढली तिला, म्हणून वाचली. बाई, मी रोज उभी राहीन, पण मी मेले तर तिला कोण सांगणार?"

त्या राज्यात यावर सोय होती, अगदी चांगली सोय. ज्याचा कान गेला आहे त्याला सरकारकडून कानाचं यंत्र मिळायचं आणि ठेकेदाराला सक्ती होती की त्याला शांत जागी काम द्यावं. धुलाईखान्यात शांत जागा एकच, मागचं घडीखातं. तिथे नुसत्या चादरींच्या घड्या घालायच्या. माईला तिथे बसवायचं, हा बडबडीचा ध्यास. फक्त आधी सरकारी कचेरीतल्या साहेबांची खात्री पटायला हवी होती. साहेब समोर बसवून प्रश्न विचारायचे. त्यांना वाटलं, तरच पुढे कानाची खरी तपासणी. त्या पहिल्या दारातून आत गेल्याशिवाय दुसरं दार उघडत नव्हतं.

बाईंनी कचेरीची परवानगी काढली. साहेबांचा चेहरा दाखवायचा नाही, या अटीवर कॅमेरा आत गेला. अर्जदाराबरोबर कामावरची एक साक्षीदार लागायची. बाकीच्या मुकादमाला भ्यायच्या, म्हणून बडबडी गेली. मी तिच्या कॉलरला होतो. साक्षीदाराने अर्जदाराच्या शेजारी बसून काही पढवू नये, असा तिथला नियम. म्हणून तिची खुर्ची समोरच्या भिंतीला, साहेबांच्या पाठीमागे होती.

साहेब आपल्या पडद्याकडे तोंड करून टपटप टाइप करत विचारत होते. माई भराभर उत्तरं देत होती.

"घरी कोण कोण?"

"मुलगा आहे साहेब, सून आहे."

"कामावर कशा जाता?"

"चालत जाते."

"दारावरची घंटा ऐकू येते?"

"नाही साहेब, काहीच ऐकू येत नाही."

टाइप करणं थांबलं. साहेब म्हणाले, "मावशी, मी तुमच्याकडे न बघता हळू आवाजात विचारतो आहे. तुम्ही एकही प्रश्न चुकला नाहीत. उगाच कशाला सरकारचा वेळ घेता?"

अर्ज नामंजूर झाला. साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्याला जे कळलं ते त्याने सांगितलं. पण बडबडीची छाती अशी धडधडत होती की मला दुसरं काही ऐकू येईना. बाहेर आल्यावर ती सारखी म्हणत होती, "असं कसं झालं? असं कसं झालं गं?"

खरा घाव घरी बसला. बाईंनी माईच्या घरी चित्रण ठेवलं होतं. दोन खोल्यांचं घर, मागे नळाखाली बादली भरत होती. माईच्या कॉलरवरून मी तिच्या मुलाचं बोलणं ऐकलं. तो चिडलेला नव्हता, दुखावलेला होता. तो म्हणाला, "आई, साहेबसुद्धा म्हणतात तुला ऐकू येतं. मग मी हाक मारतो तेव्हा ओ का देत नाहीस? माझ्याशी काय वैर आहे तुझं?" माई त्याच्याकडे पाठ करून भांडी पुसत होती. ती पुसतच राहिली. त्याने बादली उचलली आणि दार आपटून तो गेला. दार आपटलं, तरी तिच्या काळजाचा ठोका चुकला नाही, मित्रांनो. ते मी एकट्याने ऐकलं. कुणाला सांगणार होतो?

मग बाईंनी त्यांची नेहमीची रीत पाळली. चित्रपट पुरा व्हायच्या आधी त्या तो ज्यांचा आहे त्यांनाच दाखवायच्या. दुपारच्या सुट्टीत, कपडे बदलायच्या खोलीत, छोट्या पडद्यावर बायका स्वतःला बघत होत्या आणि एकमेकींची टर उडवत होत्या. कचेरीचा भाग आला. बाई म्हणाल्या, "इथे कडेला काहीतरी सारखं हलतंय, ते आम्ही कापून टाकणार आहोत."

हसणं थांबलं.

कुणीतरी म्हणालं, "अगं बडबडे, हे तर तुझे हात."

साहेबांच्या खांद्यामागे, चौकटीच्या कडेला, बडबडीचे हात चालले होते. ती सळसळ मी तेव्हा ऐकली होती, पण नेहमीची म्हणून सोडून दिली होती. घरी कोण कोण. कामावर कशी जातेस. दारावरची घंटा. साहेब विचारायचे आणि ते हात माईला सांगायचे. इतक्या वर्षांची सवय. कुणी माईला काही विचारलं की हात उठायचेच, मनाला न विचारता. आणि हात दिसले की माई उत्तर द्यायचीच, तीही मनाला न विचारता. समोर मुकादम आहे की साहेब, लपवायचं आहे की दाखवायचं आहे, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"बंद करा ते," बडबडी म्हणाली. मग ती रडली. "मीच घालवलं गं माई. या हातांनी घालवलं."

माईला शब्द ऐकू आले नाहीत, पण तिला सगळं कळलं होतं. ती म्हणाली, "गप गं वेडे. या हातांवर तर मी जगले."

बाईंनी ते चित्रण कचेरीत न्यायचं ठरवलं. कचेरीतून उत्तर आलं, "आम्ही माणूस तपासतो, पिक्चर तपासत नाही." हवं तर पुन्हा एकदा समोर बसा, पण या खेपेला नामंजूर झालं तर अर्ज कायमचा बंद. वर चित्रपट लोकांना दाखवला की माईचं गुपित मुकादमालाही कळणार होतं. म्हणजे यंत्रावरची जागाही जायची आणि घडीखातंही मिळायचं नाही. बाई म्हणाल्या, "माई, नको असेल तर तुमचा भाग मी काढून टाकते." माईने बडबडीच्या हातांकडून ते समजून घेतलं आणि म्हणाली, "राहू दे. पोराने एकदा बघायला पाहिजे."

साक्षीदार तर लागणारच होती, आणि बडबडीवाचून कुणी यायला तयार नव्हतं. मग बायकांनी तिला गप्प बसायची तालीम दिली. एकीने साहेब व्हायचं, बडबडीने भिंतीला बसायचं. खिशात हात घातले, बाहेर आले. हाताची घडी घातली, बोटं चालू राहिली. ओढणीने बांधले, तर कोपर हलू लागले. सगळ्या हसत होत्या. बडबडी हसत नव्हती. शेवटी कुणीतरी म्हणालं, "बस की त्यांच्यावर!" आणि ते जमलं.

कचेरीच्या दारात माई तिला म्हणाली, "तू गप्प बसलीस तर मी आत एकटी पडेन गं."

बडबडीने काहीतरी उत्तर दिलं. सळसळ एवढीच मला कळली.

आत गेल्यावर बडबडी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. मी पुन्हा तिच्या कॉलरला होतो. साहेब तेच, टपटप तीच.

"नाव सांगा."

खोलीत कुणी बोललं नाही. बडबडीची छाती धाडधाड वाजत होती, पण बाही हलली नाही.

"मावशी, नाव विचारलं मी."

खुर्ची करकरली. माईचा आवाज आला, एकाच पट्टीत, गरजेपेक्षा मोठा. "साहेब, काही विचारलंत का?"

"घरी कोण असतं?"

पुन्हा शांतता. मग माई म्हणाली, "मला कळत नाही हो साहेब." तिचा आवाज रडवेला झाला होता. ती समोर बघत होती आणि समोरचे हात येत नव्हते. बडबडीच्या घशातून एक बारीकसा आवाज निघाला. तो मी सोडून कुणाला ऐकू गेला नसेल. मी स्टुडिओत मोठमोठे गवई ऐकले आहेत मित्रांनो, पण गप्प बसायला एवढा जोर लागतो हे मला त्या खोलीत कळलं.

साहेब उठले. पावलं माईच्या मागे गेली आणि फाडकन एक टाळी वाजली. बडबडी खुर्चीतच दचकली, मी तिच्या कॉलरवर उडालो. पलीकडे माईच्या खुर्चीचा आवाजही झाला नाही.

साहेबांची पावलं परत खुर्चीकडे आली. मग म्हणाले, "तपासणीला पाठवतो. यंत्रही मिळेल आणि जागाही बदलून मिळेल. सांगा त्यांना."

बडबडीने हात बाहेर काढले आणि ओरडली, "अगं आई गं! हात मेले माझे!"

दाबून दाबून हात बधिर झाले होते. बोटं वळेनात. माई विचारत होती, "काय म्हणाले? बडबडे, काय म्हणाले साहेब? बोल ना गं!" आणि ती जन्माची बडबडी हात चोळत, झटकत, हसत, रडत बसली होती. तिला एक खूण धड जमत नव्हती. अखेर बाही सळसळली, आणि माईचा हुंदका मी खोलीच्या या टोकाला ऐकला.

तेवढ्यात साहेब टाइप करता करता स्वतःशीच बोलले, "कारण, वयोमान."

"वय?" बडबडी म्हणाली. "साहेब, वय नाही हो. ती यंत्रं आहेत. आम्हा सगळ्यांचेच कान..."

"ते या खिडकीवर नाही, बाई. यंत्राचं लिहिलं तर ठेकेदाराला बोलवावं लागेल आणि यांचा अर्ज अडकेल. अडकवू का?"

माईने विचारलं, "आता काय म्हणाले?" बडबडीची बाही थोडा वेळ गप्प राहिली, मग जराशी हलली. तिने काय सांगितलं ते मला बाहेर आल्यावर कळलं, माई सगळ्यांना सांगत होती तेव्हा. साहेब म्हणाले म्हणे, सावकाश जा.

चित्रपट पुरा झाला. लोकांनी तो पाहिला, टाळ्या वाजवल्या. ठेकेदाराने धुलाईखान्यात मोठी पाटी लावली, 'कानांची काळजी घ्या.' कानात घालायला मात्र काही दिलं नाही. माईचा मुलगा चित्रपट बघून आला आणि तिच्या समोर जमिनीवर बसला, असं तिने बाईंना सांगितलं.

पण चित्रपट पुरा होण्याआधीचं शेवटचं चित्रण घडीखात्यात झालं होतं. तपासणी आणि कागदपत्रं होईतो दोन पावसाळे गेले होते, आणि माईच्या कानात यंत्र बसून थोडेच दिवस झाले होते. सगळं नाही, पण पुष्कळ ऐकू येत होतं. तिथे खरंच शांत होतं. चादर झटकल्याचा आवाज आणि मग घडीवरून फिरणारा हात, एवढंच. मी माईच्या कॉलरला होतो. तिचं काळीज आता संथ झालं होतं. सुट्टी झाली आणि बडबडी भेटायला आली. आल्या आल्या बोलत सुटली, "काय गं माई, राणीसारखी बसलीस की! आम्हाला विसरू नको हं."

माई म्हणाली, "अय्या, तुझा आवाज असा आहे होय? मला वाटलं होतं बारीक असेल. हा तर चांगला घोगरा आहे!"

दोघी खूप हसल्या. मग बडबडी तिच्या घड्या केलेल्या चादरी कपाटात लावू लागली. माई तिच्या पाठीमागून म्हणाली, "बडबडे, यंत्रावर आता तुझ्या समोर कोण उभी असते गं?"

बडबडी चादरी लावत राहिली.

"बडबडे?"

कपाटाचं दार लागलं, दुसरं उघडलं. बडबडी स्वतःशी काहीतरी गुणगुणत होती. माईने पुन्हा हाक मारली, या वेळी जोरात. आणि मी, तिच्या कॉलरवर बसलेला, ऐकत होतो की त्या संथ काळजाचा ठोका चुकला.

माई उठली. वळसा घालून बडबडीच्या समोर जाऊन उभी राहिली. ती एक शब्दही बोलली नाही. माझ्या अगदी जवळ, तिच्या बाहीची सळसळ सुरू झाली.

आवाजवाल्याने हेडफोन काढून ठेवला. "कपड्यांचा आवाज येतोय," असं तो म्हणाला नाही. "कापू नका हे," एवढंच म्हणाला.

त्यानंतर माझी वायर तुटली ती तुटलीच. आता मी त्याच्या टेबलाच्या खणात असतो. खण कधी उघडला की मला वाटतं, हाच म्हणेल, उठ रे बाबा. तो म्हणत नाही. मला रुमालाने पुसतो आणि परत ठेवतो. माझी तक्रार नाही.

फक्त तुमच्याकडे एक मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरी, शेजारी, रस्त्यावर कुणाला तुम्ही हाक माराल आणि ते माणूस ओ देणार नाही. तेव्हा रागावू नका, दार आपटून जाऊ नका. चार पावलं चाला, त्याच्या समोर जाऊन उभे राहा, आणि मग बोला.